बायरॉइटच्या आधीचा आठवडा

शनिवार, एर्लांगेन
मैत्रिणीच्या घरी पहिला धडा कचऱ्याचा. कागद, काच, वेष्टणं, ओला, उरलेला. रिकामी प्लॅस्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पंचवीस सेंट परत. सात वर्षांची लेक मला शिकवते. मराठीच बोलते, फक्त तिचा ‘र’ घशातून येतो.

मैत्रिणीच्या सासूबाई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्यात. मी त्यांना काकू म्हणते.
“कुठल्या नाटकाला निघालीस म्हणालीस?”
“पार्सिफाल. वाग्नरचा ऑपेरा आहे, काकू.”
“चालतं किती वेळ?”
“चारला सुरू होतं, दहाच्या सुमारास सुटतं. मध्ये तासतासाची दोन मध्यंतरं.”
“मग काय फार नाही. आम्ही उजाडेपर्यंत बसलोय.”

रविवार
सगळी दुकानं बंद. दूध कालच आणून ठेवलं होतं.

या इमारतीत दुपारी एक ते तीन वाद्य वाजवायचं नाही. मुलगी व्हायोलिन शिकते. ती घड्याळाकडे बघत बसते आणि तीनला पहिला गज ओढते. खालच्या मजल्यावरचे आजोबा त्याच वेळी खिडकी उघडतात. मला आधी वाटलं, तक्रार करणार. मैत्रीण म्हणाली, “अगं, ऐकायला उघडतात. थंडीतसुद्धा.”

सोमवार
फ्रीडरिश र्‍युकर्ट हा कवी १८२६ ते १८४१ या गावात पौर्वात्य भाषांचा प्राध्यापक होता. इथे असतानाच, १८२८ मध्ये, त्याचं जर्मन नल-दमयंती आख्यान छापून आलं. काकूंना सांगितलं. त्यांना शाळेत रघुनाथ पंडिताचं दमयंती स्वयंवर होतं. हंसाच्या ओळी त्या धडाधड म्हणत गेल्या, कुठेही न अडखळता.

याच र्‍युकर्टची दोन लहान मुलं १८३३-३४ च्या हिवाळ्यात तापाने गेली. त्याने चारशेहून जास्त कविता लिहिल्या, सगळ्या त्या दोन मुलांवर. पुढे माहलरने त्यातल्या पाच निवडून त्यांची गाणी केली. ती गाणी मी वीस वर्षं ऐकते आहे. ते घर एर्लांगेनमधलं होतं, हे मला इथं येईपर्यंत माहीत नव्हतं.

संध्याकाळी हे काकूंना सांगितलं नाही.

मंगळवार, न्यूर्नबर्ग
गाडीने वीसेक मिनिटं. हान्स साक्स इथला. जोडे शिवायचा आणि कविता करायचा. वाग्नरने त्याला ‘मायस्टरझिंगर’चा नायक केलं. आपल्याकडे गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी.

त्या ऑपेऱ्याचा पहिला अंक सेंट कातारीना चर्चमध्ये घडतो. चर्च २ जानेवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यात पडलं. भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. उन्हाळ्यात तिथे मैफली होतात.

शहराच्या दुसऱ्या टोकाला नाझी मेळाव्यांचं मैदान. नाझी नेत्यांवर खटला चालला तो न्यायालयातला सहाशे क्रमांकाचा कक्षही याच शहरात. एका दिवसात तिन्ही बघू नयेत. मी बघितले.

बुधवार
१८५० : वाग्नर टोपणनावाने ज्यूंच्या संगीताविरुद्ध विखारी निबंध छापतो. १८६९ मध्ये तोच पुन्हा, या वेळी स्वतःच्या नावाने.

१८५६ : वाग्नर एका बौद्ध कथेवर ऑपेऱ्याचा आराखडा लिहितो. नाव ‘विजेते’. चांडाळकन्या प्रकृती आणि भिक्खू आनंद. जातीबाहेरची मुलगी संघात येते. ऑपेरा कधी झाला नाही. हीच कथा टागोरांच्या ‘चंडालिके’त आहे.

१८८२ : पार्सिफालचा पहिला प्रयोग. संचालन हेरमान लेवी यांचं, एका रब्बीच्या मुलाचं. त्यांनी आधी बाप्तिस्मा घ्यावा असा वाग्नरचा आग्रह होता. लेवींनी घेतला नाही. संचालन केलं.

१९५६ : नागपूर, १४ ऑक्टोबर.

गुरुवार
दिवसभर पार्सिफाल ऐकलं. पहिल्या अंकाला काकू शेजारी बसून भाजी निवडत होत्या. संथ लय त्यांना खटकत नाही. “घाई नाही करत, बरंय,” एवढंच म्हणाल्या. घंटा वाजू लागल्या तेव्हा त्यांचे हात थांबले.

बायरॉइटचं नाट्यगृह १८७६ मध्ये उघडलं. आपलं ‘शाकुंतल’ किर्लोस्करांनी पुण्यात १८८० मध्ये आणलं. काकूंना आठवतात ते ऑर्गन आणि तबला रंगमंचापुढे, प्रेक्षकांच्या नजरेसमोर. त्या ऑर्गनवाल्याच्या बोटांकडे बघत बसायच्या. बायरॉइटला वाद्यवृंद रंगमंचाखालच्या खड्ड्यात, वर झाकण. श्रोत्यांना एकही वादक दिसत नाही, म्हणून ते टी-शर्ट घालून वाजवतात. आवाज झाकणाखाली एकमेकांत मिसळतो, आधी रंगमंचाकडे जातो आणि गायकांच्या आवाजाशी जुळून मग बाहेर येतो. म्हणून तिथे एवढ्या मोठ्या वाद्यवृंदातही गाणाऱ्याचा शब्द बुडत नाही. पार्सिफाल वाग्नरने याच नाट्यगृहासाठी लिहिलं. दुसरीकडे कितीही चांगलं झालं तरी तो आवाज मिळायचा नाही, असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच एवढ्या लांब आले.

काकूंना एकच गोष्ट पटली नाही. पहिल्या अंकानंतर टाळ्या वाजवायच्या नाहीत, अशी तिथली रूढी. “आणि वन्समोअर?” “नाही, काकू.” त्या बराच वेळ गप्प होत्या.

रात्री
“खुर्च्या कडक असतात म्हणालीस ना?” काकूंनी जुन्या इरकली लुगड्याची चौपदरी घडी करून चारी बाजूंनी टाके घातले. धागा पिवळा, कारण घरात तेवढाच होता.

शुक्रवार, गाडीत
न्यूर्नबर्गहून बायरॉइट सुमारे तासाभराचं. डिझेलची गाडी, पेग्निट्झ नदीचं खोरं, बोगदे. दुपारी एकला समोरच्या बाई लांब रेशमी झग्यात, पायात चालायचे बूट. सॅटिनचे जोडे पिशवीत. त्या तेराव्यांदा निघाल्या आहेत. मी पहिल्यांदा, असं म्हटल्यावर त्यांनी त्यांची पाण्याची बाटली माझ्यापुढे केली. “आत वातानुकूलन नाही. आत्ताच भरपूर प्या.”

पाठच्या पिशवीत डबा आहे. मैत्रिणीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली, मुलीने व्हायोलिनच्या राळेचा छोटा तुकडा. कशासाठी, ते सांगितलं नाही.

बायरॉइट
टेकडीच्या पायथ्यापासून चालत आले. नाट्यगृहाखालच्या बागेत राखाडी फलक उभे आहेत. इथे गायलेले, इथे वाजवलेले आणि मग ज्यू म्हणून हाकलले गेलेले कलावंत. चेहरा, नाव, सालं. काहींचं शेवटचं साल छळछावणीतलं. लोक संध्याकाळच्या पोशाखात त्यांच्यामधून वर जातात. काहीजण थांबतात.

पाऊण तास वाचते आहे. एका गायिकेचा फोटो घरात काढलेला आहे, मागे पियानो आणि त्यावर फुलदाणी.

वर सज्ज्यात वादक आले. प्रयोगाला पंधरा मिनिटं उरली की तुताऱ्या एकदा वाजतात, दहा मिनिटं उरली की दोनदा, पाच उरली की तीनदा.

एकदा वाजलं. अजून दोन फलक राहिलेत.