आत्याचा क्रूस

आमच्या घरात त्याग म्हटलं की आत्याचंच नाव निघायचं. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. त्याच वर्षी आजी अंथरुणाला खिळली आणि आत्या घरीच राहिली, कायमची. नगरच्या ह्यूम मेमोरियल चर्चमधल्या बायका म्हणायच्या, "हिनं आपला क्रूस उचलला." तिला कुणी विचारलं होतं का, हा विषय कधीच निघाला नाही.

पुढे मी नर्स झाले आणि नोकरीसाठी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला आले. इथल्या कॅथेड्रलमध्ये बाराव्या शतकातला एक लाकडी क्रूस आहे. तो घडवणाऱ्या इमरवार्डनं ख्रिस्ताच्या कमरपट्ट्यावर आपलं नाव कोरून ठेवलं आहे. लहानपणापासून मी पाहिलेला ख्रिस्त काट्यांचा मुकुट घातलेला, मान टाकलेला. इथला ख्रिस्त पायघोळ झग्यात, ताठ, डोळे उघडे ठेवून आहे. एका उत्तम शुक्रवारी उपासना संपल्यावर मी त्याच्यासमोर बराच वेळ थांबले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू सांगतो की त्याचा प्राण कुणी हिरावून घेत नाही, तो आपण होऊन देतो. हा अध्याय मला तोंडपाठ होता, पण त्याचा आत्याशी काही संबंध असेल असं तोवर वाटलं नव्हतं.

याच कॅथेड्रलनं त्यागाचं दुसरं रूपही पाहिलं आहे. नाझींनी ते मंडळीकडून काढून घेतलं आणि १९३५पासून तिथं आपलं राष्ट्रीय स्मारक उभारायला घेतलं. बलिदान हा त्यांच्याही तोंडी सतत असणारा शब्द. मात्र ते मागायचे दुसऱ्यांच्या मुलांचं. १५ ऑक्टोबर १९४४च्या पहाटे ब्रिटिश बॉम्बहल्ल्यात जुनं शहर जळालं. आगीनं वेढलेल्या बंकरांत सुमारे २३,००० माणसं अडकली होती. अग्निशमन दलाच्या लोकांनी पाण्याचे फवारे धरून ज्वाळांमधून वाट केली आणि त्या वाटेनं त्यांना बाहेर काढलं. जीव त्यांनी स्वतःचा धोक्यात घातला होता. मला वाटतं, ख्रिस्ताच्या त्यागाशी नातं आहे ते या कामाचं.

त्या हल्ल्याच्या चारशेहून अधिक वर्षं आधी, १५२८ साली, लूथरचा सहकारी योहानेस बुगेनहागेन यानं या शहरासाठी धर्मसुधारणेची नियमावली लिहिली. ख्रिस्ताचं अर्पण एकदाच आणि सर्वांसाठी झालं, वेदीवर ते पुन्हा करायचं नाही, ही लूथरची शिकवण तिच्या मुळाशी होती. म्हणून त्या नियमावलीत शाळा आहेत आणि गरिबांसाठी सार्वजनिक पेटीही आहे. देवाला आता कुणाचा बळी नको आहे. उरतं ते शेजाऱ्याला देणं. हे समजलं तेव्हा माझ्या मनावरचं फार जुनं ओझं उतरलं.

मात्र देणारा एकटा पडला तर काय, याचं उत्तर मला वॉर्डात मिळालं. एक वृद्ध डायकोनिस, म्हणजे सेवाव्रती भगिनी, माझ्या देखरेखीखाली होती. तिनं आयुष्यभर रुग्णसेवा केली होती, तीही पगार न घेता, हातखर्चापुरत्या पैशांत. काही गमावल्यासारखं वाटतं का, असं मी तिला विचारलं. तिनं शांतपणे सांगितलं की हे आयुष्य तिनं स्वतः निवडलं होतं, आणि म्हातारपणी संस्था आपल्याला सांभाळेल याची तिला खात्री होती. आत्याला या दोन्हींतलं काहीच मिळालं नव्हतं. तिच्या सेवेचं मोल मी कमी करत नाही. आजीला तिनं मायेनंच सांभाळलं. पण तिच्यावर टाकलेल्या भाराला आम्ही क्रूस म्हणत राहिलो, तोवर तो वाटून घ्यायची गरज कुणालाच भासली नाही.

गेल्या वर्षी आत्याच्या गुडघ्यांनी दगा दिला. लगेच घरात ठरूही लागलं की माझ्या लग्न न झालेल्या चुलतबहिणीनं शाळेतली नोकरी सोडून तिच्याजवळ राहावं. मी सगळ्या भावंडांना फोन केले. दिवसभराच्या बाईचा पगार आम्ही सहा जणांनी मिळून द्यायचा आणि सुट्ट्यांमध्ये पाळीपाळीनं तिच्याकडे राहायचं, असं ठरलं. मग मी आत्याला विचारलं, "आत्या, तुम्हाला काय हवंय?" एवढ्या वर्षांत हे तिला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. ती लगेच म्हणाली, "पोरीनं नोकरी सोडायची नाही. बाकी तुम्ही म्हणाल तसं."