उन्हानं घडवलेला ठेका

सावंतवाडीहून म्हापशाला एसटीही जाते आणि गोव्याची कदंबाही. बांदा मागे पडलं की पत्रादेवीचा नाका, मग पेडणे, आणि कोलवाळच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडली की बार्देश. आमच्याकडची म्हातारी माणसं या नदीला हद्दच म्हणायची, आणि ते खरंच होतं. अलीकडचा पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता. पलीकडचं बार्देश पोर्तुगिजांनी १५४३ सालीच गिळलेलं. पूल ओलांडला की आजही रस्त्याकडेला पांढरे क्रूस दिसू लागतात.

मार्च संपत आला होता. बार्देशातल्या हणजुणेला जायचा हा हंगाम नव्हे, शहाणी माणसं नाताळात जातात. पण आम्हाला पाहायचं होतं ते ऊन. माझ्याबरोबर पुण्याचा एक मित्र होता. त्याचा धंदा साउंड भाड्यानं देण्याचा, म्हणजे लग्न, गणपती, कंपन्यांचे कार्यक्रम. दिवसभर लोकांसाठी जे वाजवतो ते रात्री स्वतः ऐकत नाही. स्वतःसाठी त्याच्याकडे आहे नव्वदच्या दशकातला गोवा ट्रान्स. हॅलुसिनोजेन, ॲस्ट्रल प्रोजेक्शन, एटनिका, मॅन विथ नो नेम ही नावं तो घराण्यांच्या गवयांची घ्यावीत तशी घेतो. मीही त्याच पंथातला, फक्त इतका कडवा नाही.

म्हापशाहून वागातोरला पोचलो आणि आधी शापोऱ्याच्या किल्ल्यावर चढलो. चढण छोटी, पण जांभा दुपारी असा तापतो की चपलेतून पाय भाजतात. हा किल्ला मुळात आदिलशाहीतला. १६८३-८४ च्या मोहिमेत संभाजीराजांनी तो घेतला. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर त्याच सुमारास त्यांच्याच आसऱ्यानं या भागात होता. आजचे बुरूज पोर्तुगिजांनी १७१७ मध्ये नव्यानं बांधलेले. १७३९ ला मराठ्यांनी पुन्हा घेतला, दोनएक वर्षांनी परत दिला. या सगळ्या उठाठेवीचं कारण तटावर उभं राहिलं की कळतं: उत्तरेला नदीचं मुख आणि पलीकडे मोरजी, म्हणजे भोसल्यांचा मुलूख. तोफा आमच्याकडे रोखलेल्या. बरेचसे पर्यटक मात्र येतात ते ‘दिल चाहता है’मधल्या बुरुजावर फोटो काढायला.

मित्राची पाठ नदीकडेच होती. तो दक्षिणेला बघत होता. खाली वागातोरचा मोठा किनारा आणि ओझरांचा छोटा किनारा, आणि त्यांच्यामध्ये माडांनी भरलेली घळ. तिचं नाव डिस्को व्हॅली. नव्वदच्या दशकात डिसेंबर ते मार्च या घळीत, हणजुणेच्या दक्षिण टोकाला आणि बांबूच्या बनात रात्र रात्र पार्ट्या चालायच्या. घळ तिन्ही बाजूंनी बंद, समोर समुद्र. मित्रानं धंद्याच्या सवयीनं लगेच हिशेब केला: वरचे सूर घळीतच अडतील, पण वारा फिरला तर बेस गावात जाईल. गाव का वैतागलं होतं, ते त्या एका वाक्यात आलं.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि त्या दशकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतली पोरं इथं येऊन राहू लागली. एट फिंगर एडी हा आर्मेनियन वंशाचा अमेरिकन त्यांतला आद्य पुरुष; तो २०१० मध्ये इथंच वारला. पैसे संपले की ही मंडळी कॅमेरे, जीन्स, गिटारी विकायला काढत. हणजुणेचा बुधवारचा बाजार त्यातून सुरू झाला. आज तिथं काश्मिरी शाली आणि लमाणी बायकांच्या आरशांच्या पिशव्याच जास्त. सत्तरच्या दशकात किनाऱ्यावर वाजायचा तो रॉक. कॅलिफोर्नियाहून आलेला गिल्बर्ट लेव्ही, जो पुढे गोवा गिल म्हणून गाजला आणि जुना आखाड्याची दीक्षाही घेऊन बसला, तो आधी गिटारवालाच. २०२३ मध्ये तो गेला तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी गुरू गेल्यासारखा शोक केला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर इथं जे घडलं ते मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत कल्पक वाटतं. लॉरां आणि फ्रेड डिस्को हे दोघे फ्रेंच आणि गिल यांनी रॉकच्या जागी यंत्रांचं संगीत आणलं. क्राफ्टवर्क, फ्रंट २४२, कॅबरे व्होल्टेअर अशा युरोपीय गटांच्या तबकड्या. पण त्यांत माणूस गात असे, आणि गाण्याचे शब्द आले की नाचणाऱ्याची तंद्री मोडे. मग लॉरां काय करायचा, तर गाण्यातला फक्त वाद्यांचा तुकडा कॅसेटवर पुन्हा पुन्हा उतरवून घ्यायचा, तुकड्याला तुकडा जोडायचा, आणि दोन वॉकमनवर रात्रभर तेच वाजवायचा. जे संगीत अजून कुणी बनवलंच नव्हतं, ते त्यानं दुसऱ्यांच्या गाण्यातून कातरून काढलं. जुन्या रॉकवाल्यांना ते मुळीच रुचलं नाही. पण पोरं नाचायला लागली.

हे सगळं कॅसेटवर का? कारण ऊन. तबकडी इथं टिकत नाही. दुपारी सावली सरकली की वाकडी होते, खाचांत वाळू जाते, आणि मातीवर हजार पाय नाचत असताना सुई जागेवर राहत नाही. शिवाय तबकड्यांची पेटी जड, आणि यांचा संसार पाठीवरचा. १९८७ मध्ये डॅट नावाची डिजिटल कॅसेट बाजारात आली आणि हणजूण जणू तिचीच वाट बघत होतं.

मित्राच्या पिशवीत एक डॅट वॉकमन होता, सोनीचा, जुन्या बाजारातून घेतलेला. वागातोरच्या उतारावर काजूच्या सावलीत बसून त्यानं तो काढला. कॅसेट नेहमीच्या कॅसेटपेक्षा लहान, आगपेटीहून मोठी. खालचं झाकण सरकवलं की चार मिलिमीटरचीही नसलेली फीत दिसते. आत टाकली की यंत्र पंख फडफडल्यासारखा आवाज करतं, फीत ओढून फिरत्या हेडभोवती गुंडाळून घेतं आणि मग दोन-तीन सेकंद काहीच नाही. घाई असलेल्या माणसाचं हे यंत्र नव्हे.

आता या यंत्राची एक खोड. तबकडी बोटानं हळू-जलद करता येते, म्हणून शिकागो-लंडनचा डीजे दोन गाण्यांचे ठेके एकमेकांवर बसवून बेमालूम पुढे सरकतो. तेव्हाच्या बहुतेक डॅट यंत्रांना वेग बदलायची सोयच नव्हती. दोन गाणी जुळायची नाहीत. मग गोव्यासाठी बनवणाऱ्यांनी गाण्याची दोन्ही टोकं मोकळी ठेवायला सुरुवात केली: आधी मिनिट-दीड मिनिट नुसते लांब स्वर, वारा, कुठल्यातरी सिनेमातला संवाद; मग ठेका; आठ-नऊ मिनिटांनी ठेका सुटून पुन्हा स्वर विरत जाणार. एकाचं विरणं दुसऱ्याच्या उगवण्यावर ठेवलं की झालं. त्यामुळे गोवा ट्रान्सचं प्रत्येक गाणं स्वतःपुरतं पूर्ण असतं, त्याला आरंभ असतो, शेवट असतो. चाहते ज्याला या संगीताचा गूढ स्वभाव म्हणतात, त्याचा अर्धा भाग उन्हानं आणि उरलेल्यातला बराचसा या यंत्राच्या खोडीनं घडवला, असं माझं पक्कं मत आहे.

रात्रीचा क्रमही ठरलेला. मध्यरात्रीनंतर काळोखी, बोचरं, वेगवान. तांबडं फुटू लागलं की सुरेल, उजळ. आमच्या दशावतारात असंच असतं: आडदशावतार, आख्यान, राक्षसांची आदळआपट रात्रभर, आणि पहाटे दहीकाला. नदीच्या अलीकडे जत्रेत रात्र जागवणाऱ्या माणसाला पलीकडची ही रात्र समजायला अडचण पडू नये. अर्थात पलीकडे एलएसडी होतं, ते विसरून चालणार नाही. चाहते बऱ्याचदा ते सोयीस्कर गाळतात आणि विरोधक त्याच्यापलीकडे काही बघत नाहीत.

संगीत बनत होतं मात्र दूर. मार्टिन ग्लोव्हर, म्हणजे ‘किलिंग जोक’ या गटाचा यूथ, यानं लंडनमध्ये ड्रॅगनफ्लाय ही कंपनी काढली, तिच्याकडून १९९५ मध्ये सायमन पोसफर्डचा, म्हणजेच हॅलुसिनोजेनचा, ‘ट्विस्टेड’ हा अल्बम आला. राजा राम आणि मंडळींची टिप, सुयोशी सुझुकीची मत्सुरी या कंपन्याही लंडनच्याच. १९९२ मध्ये भारत-इस्रायल पूर्ण राजनैतिक संबंध जुळले. सक्तीची लष्करी नोकरी संपवलेली इस्रायली पोरं मोठ्या संख्येनं इथं येऊ लागली, आणि ॲस्ट्रल प्रोजेक्शनसारखी नावं तिकडून उगवली. १९९४ च्या डिसेंबरात पॉल ओकनफोल्डनं बीबीसी रेडिओ १ वर दोन तासांचा ‘गोवा मिक्स’ वाजवला आणि ही घळ घरोघर पोचली. तरी खरी परीक्षा इथलीच. शरदात लंडनला गाणं करायचं, डॅटवर घालून नाताळात इथं आणायचं, पाच हजार वॅटवर ऐकायचं, इतरांशी टेपा बदलायच्या, आणि परत जाऊन दुरुस्त करायचं. छापील तबकडी निघायच्या आधीच गाणं या वाळूवर तुडवून निघालेलं असे.

आणि ही गाणी बनवायची रीत! एक मेगाबाइट स्मृतीचा अटारी संगणक, तो फक्त कुणी कधी वाजायचं ते सांगणार. आवाज सगळे बाहेरच्या यंत्रांचे. शेवटचं मिश्रण हातानं. पोरं मिक्सरवर ओणवी होऊन फिल्टरच्या कळी पिळत बसायची आणि ते थेट डॅटवर उतरायचं. एक कळ जास्त पिळली तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून या गाण्यात सेकंदाला नऊ-दहा स्वर यंत्राच्या काटेकोरपणे पडतात, पण त्यांचा रंग बदलतो तो माणसाच्या हातानं. मित्र म्हणतो, यातूनच निघालेल्या आजच्या सायट्रान्समध्ये सगळं जास्त स्वच्छ आहे, आणि म्हणूनच त्याला ते ऐकवत नाही. मी इतकं टोकाचं म्हणणार नाही. पण १९९५ ते ९७ इतकी सुरावटींची उधळपट्टी नंतर झाली नाही, हे खरं.

त्या रंग बदलणाऱ्या आवाजामागे बहुधा रोलंडची टीबी-३०३ असायची. हिची कथा मजेदार. गिटार वाजवणाऱ्यांना साथ द्यायला १९८१ च्या सुमारास काढलेलं चंदेरी प्लास्टिकचं खोकं, कुणी घेईना म्हणून १९८४ मध्ये बंद. शिकागोच्या फ्यूचर गटानं १९८७ मध्ये त्यातून ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढला आणि खोक्याचं भाग्य फिरलं. पण त्याच्याही पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, मुंबईत सिनेसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी हेच खोकं आणि रोलंडच्याच ८०८ या ताल-यंत्राचा ठेका घेऊन दहा रागांची एक तबकडी काढली होती. त्यात भैरवही आहे. ती तेव्हा कुणी विचारली नाही. २०१० ला पुन्हा निघाली तेव्हा युरोप चाट पडला. गोवा ट्रान्समध्ये कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर जाणारी वळणं सारखी भेटतात, भैरवाच्या कानाला ओळखीची. म्हणून ‘हे सगळं आमचंच’ म्हणायचा मोह होतो. तो आवरावा. त्या पोरांनी ही तबकडी ऐकली असण्याचा संभव फार कमी.

आमचं खरोखर जे होतं, ते चटयांवर होतं. नाचाच्या जागेभोवती हणजूण-शापोऱ्याच्या बायका चटया अंथरून, कंदील लावून, स्टोव्हवर चहा टाकायच्या. केक, फळं, ऑम्लेट. परदेशी त्यांना चाय मामा म्हणत. शापोऱ्यात त्यांतली एक भेटली. सत्तरीची, आता घराच्या पडवीत दोन खोल्या भाड्यानं देते. ती कोकणीत, मी मालवणीत, मध्ये मित्र पुणेरी मराठीत. ‘‘आजी, गाणी आवडायची का?’’ त्यानं विचारलं. तिनं गाण्यांची धंद्याच्या हिशेबानं वर्गवारी करून दिली. धाड-धाड चालू असेपर्यंत गिऱ्हाईक फिरकत नाही. मध्येच धाड-धाड थांबून नुसतं वाऱ्यासारखं वाजायला लागलं की माणसं येऊन चटईवर बसतात, आणि उजाडल्यावर ऑम्लेट पुरत नाहीत. त्या पैशातून तिनं पोरं शिकवली. शेजारीण मात्र त्या आवाजानं आजारी सासऱ्याला झोप लागत नाही म्हणून पंचायतीत भांडत असे, हेही तिनंच सांगितलं.

ते भांडण मोठं होतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीसच जागृत गोंयकारांची फौज पर्यटनाविरुद्ध रस्त्यावर उतरली होती. पाणी, जमीन, नशापाणी, सारेच प्रश्न होते. मग २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर कर्णे बंद. ज्या संगीताचा प्राण पहाट, त्याला रात्री दहाला घरी पाठवलं. काही वर्षांनी पाळोळ्याला लोक कानाला हेडफोन लावून नाचू लागले, तो याच नियमावरचा तोडगा.

संध्याकाळी आम्ही वागातोरच्या एका क्लबात गेलो. ‘जुना गोवा’ वाजणार, अशी पाटी होती. वाजला. विशी-बाविशीचा एक मुलगा पेनड्राइव्हवरून उत्तम गाणी लावत होता, सगळी मित्राच्या संग्रहातली. पण प्रत्येकाची सुरुवात कापून, ठेक्यावर ठेका बसवून. मित्राचा चेहरा पडत गेला. दहाला आवाज बंद झाल्यावर तो सरळ त्या मुलाकडे गेला.

‘‘भावा, गाणी झकास. पण सुरुवाती का कापतोस?’’

‘‘दादा, ठेका थांबला ना, की पब्लिक नाचायचं सोडून बारकडे जातं.’’

‘‘मग?’’ मित्र म्हणाला. ‘‘तुला पगार कोण देतो, बारवालाच ना? त्याला विचारून बघ एकदा.’’