निवडक नोंदी

वाचनाचा विषय निघाला की मी चारचौघांसारखी कादंबऱ्यांची नावे सांगतो. पण नीट हिशेब मांडला, तर मी आयुष्यात सर्वाधिक वाचलेला मजकूर कोणत्याही लेखकाचा नाही. तो औष्णिक वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षातला संगणक लिहितो, आणि त्याला इव्हेंट लॉग म्हणतात. एका ओळीत एक घटना: वेळ, उपकरणाचा क्रमांक, चार-पाच शब्दांचे वर्णन, स्थिती, आणि ती किती महत्त्वाची हे सांगणारा प्रायॉरिटीचा आकडा. महत्त्वाच्या संरक्षक यंत्रणांच्या बाबतीत ही वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदलेली असते. भाषा इंग्रजी म्हणायची, पण त्या इंग्रजीत क्रियापद नसते. फीडरच्या पट्ट्यावर कोळसा नाही, अलार्म. पट्ट्यावर कोळसा नाही, नॉर्मल. पुन्हा अलार्म. असे पानेच्या पाने.

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रकार अगदीच परका वाटू नये. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेली जेधे शकावली ज्यांनी चाळली असेल, त्यांना ही कोरडी, तिथीवार चाल ओळखीची वाटेल. १६१८ पासून १६९७ पर्यंतच्या घटना तिथे एकामागून एक येतात. दोन नोंदींच्या मधे ‘म्हणून’ हा शब्द बहुधा नसतो. तो ‘म्हणून’ बखरकार आणतो. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून सभासदाने जे लिहिले, त्यात माणसांना हेतू आहेत, रागलोभ आहेत, एका गोष्टीतून दुसरी निघते. आमच्याकडे रात्री यंत्र शकावली लिहिते आणि सकाळी दहाच्या आत कोणीतरी तिची बखर करावी लागते. तिला ट्रिप रिपोर्ट म्हणतात. वरिष्ठांना शकावली नको असते, आणि त्यात त्यांचे चुकते असेही मला वाटत नाही.

कारण शकावली प्रचंड असते. युनिट बंद पडले की मिनिटाभरात शेकडो ओळी कोसळतात. पंखे थांबतात, झडपा मिटतात, पंप एकाकडून दुसऱ्याकडे जातात, आणि प्रत्येक जण आपली हजेरी लावतो. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला. त्याआधीच्या अखेरच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. पुढे १९९९ साली ब्रिटनमध्ये अलार्मविषयी जी मार्गदर्शिका निघाली, तिने एका ऑपरेटरला सरासरी दहा मिनिटांत एक अलार्म हे प्रमाण झेपणारे मानले. दहा मिनिटांत एक आणि ११ मिनिटांत २७५! तेव्हा फिल्टर हवाच. वेळेची खिडकी ठरवा, प्रायॉरिटी निवडा, बॉयलर की टर्बाइन ते सांगा, वारंवार येणारे अलार्म वगळा. पडद्यावर वाचता येईल एवढा मजकूर उरतो.

(मराठीत याला मी ‘निवडणे’ म्हणेन. आपण तांदूळ निवडतो, आणि कवीच्या निधनानंतर त्याच्या ‘निवडक कविता’ही काढतो. तांदळातून काढलेला खडा मात्र ताटाच्या कडेला तरी दिसतो. निवडक कवितांतून काय वगळले ते शोधायला मूळ संग्रहच उघडावा लागतो, आणि तेवढे कष्ट किती जण घेतात, हे अध्यापक मंडळी माझ्याहून चांगले जाणतात.)

२००८ च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. केंद्राचे नाव सांगण्याचे कारण नाही. पहाटे दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी एक युनिट ट्रिप झाले. भट्टीतली ज्योत गेली, आणि ज्योत गेली की संरक्षक यंत्रणा सारे इंधन तोडते. ते योग्यच आहे. चौकशीत अध्यक्षांनी लॉग मागवला तो असा: प्रायॉरिटी एक, ऑपरेटरच्या कृती, अखेरची पाच मिनिटे. इन्स्ट्रुमेंटेशन विभागातर्फे तो छापून देण्याचे काम माझ्याकडे होते. मोजून सात ओळी आल्या. तिसऱ्या ओळीत ऑपरेटरने सी मिल बंद केली होती. चौथ्या ओळीपासून ज्योत गेल्याच्या नोंदी. कोणीही वाचावे आणि मधला ‘म्हणून’ आपोआप उमटावा, असा तो मजकूर होता. ऑपरेटर निवृत्तीला आलेले गृहस्थ. ते एवढेच म्हणाले, “मी गन मागितली होती.” कोणी काही विचारले नाही. त्या सात ओळींत गन नव्हती.

मी अध्यक्षांना म्हटले, “साहेब, खिडकी थोडी मागे नेऊन पाहू या का?” ते म्हणाले, “अर्ध्या तासाचा लॉग कोण वाचणार?”

तो मी त्या संध्याकाळी वाचला, सगळ्या चाळण्या काढून. सुरुवात दोन बाराला होत होती. सी फीडरच्या पट्ट्यावर कोळसा नसल्याचा अलार्म येत होता, जात होता, पुन्हा येत होता. पावसात कोळसा चिखलासारखा होतो, वरच्या नळीत चिकटतो आणि खाली उतरत नाही. पण हा अलार्म पावसाळाभर उगाचच लुकलुकतो, या समजुतीने काही आठवड्यांपूर्वी तो ऑपरेटरच्या पडद्यावरून काढून टाकण्यात आला होता. लॉगमध्ये तो निमूटपणे साठत राहिला. मिल रिकामी फिरू लागली, गरम हवा मात्र चालूच, त्यामुळे मिलच्या तोंडाशी तापमान चढत गेले. अशी मिल चालू ठेवली तर आतच आग लागण्याची भीती असते. म्हणजे तिसऱ्या ओळीतली ती कृती उतावळेपणाची नव्हतीच. मिल बंद करणे भागच होते. आणि त्याआधी, दोन एकोणतीस आणि दोन एकतीस वाजता, त्यांनी तेलाची गन लावण्याचा आदेश दोनदा दिला होता. कोळशाची ज्योत डळमळू लागली की तिला तेलाच्या ज्योतीचा टेकू देतात, तो हा आदेश. दोन्ही वेळा झडप उघडल्याची पोच आलीच नाही. आदेश आणि स्थिती जुळत नसल्याची ती नोंद प्रायॉरिटी तीनची, आणि पाच मिनिटांच्या खिडकीबाहेरची. दोन्ही चाळण्यांतून ती निसटली.

ही बखर कोणी दुष्टाव्याने रचली नव्हती, आणि म्हणूनच ती मला अधिक अस्वस्थ करते. सातही ओळी खऱ्या होत्या. फक्त गोष्ट दोन बाराऐवजी दोन छत्तीसला सुरू केली होती.

आदेश आणि घडलेली गोष्ट यांतल्या अंतराने याहून फार मोठे अनर्थ केले आहेत. अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात २८ मार्च १९७९ च्या पहाटे दाब कमी करणारी एक झडप उघडी अडकली. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र विझला, कारण तो झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. झडपेला मिटण्याचा आदेश गेला, एवढेच तो सांगत होता. दोन तासांहून अधिक काळ त्या वाटेने पाणी निघून जात राहिले. सुरुवातीच्या मिनिटांतच शंभराहून अधिक अलार्म वाजले, आणि बिनमहत्त्वाचे बाजूला सारण्याची सोय तिथे नव्हती. अलार्म छापणारे यंत्र एका टप्प्यावर घटनांच्या अडीच तास मागे पडले आणि मधे अडकलेही. आमच्याकडे फिल्टर जास्त झाला, तिथे तो नव्हताच. ऑपरेटरच्या हाती मात्र दोन्हीकडे अर्धेच वाक्य आले.

आणखी एक अवस्था आहे, कोऱ्या पानाची. १४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी ओहायओतील एका वीजकंपनीच्या नियंत्रण कक्षात अलार्म दाखवणारी प्रणाली दोन चौदाच्या सुमारास मुकी झाली, आणि ती मुकी झाली आहे हे सांगणारा अलार्म कुणाला दिसला नाही. त्यानंतर वाहिन्या एकेक करून झाडांना टेकून तुटत होत्या. पडद्यावर शांतता होती, आणि ती शांतता खरी धरली गेली. चार वाजून दहा मिनिटांच्या सुमारास अमेरिका आणि कॅनडातील सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. पुढे चौकशी करणाऱ्यांपुढे निराळाच पेच आला. ठिकठिकाणच्या लॉगमधली घड्याळे एकमेकांशी जुळत नव्हती. कुठली नोंद आधीची आणि कुठली नंतरची, हे एकेका घटनेला दुसरीशी ताडून ठरवावे लागले. हस्तलिखितांचे पाठभेद लावत बसणाऱ्या संशोधकांची मला तेव्हा आठवण झाली होती. आता उपग्रहावरून घड्याळे जुळवण्याची सोय आहे, त्यामुळे हा पेच पुष्कळ कमी झाला आहे.

त्या ऑपरेटरांचे पुढे काय झाले? पूर्ण लॉग मी जोडपत्र म्हणून दिला. त्यांना द्यायचे पत्र निघाले नाही. झडपेची दुरुस्ती झाली, फीडरचा अलार्म पडद्यावर परत आला. अहवालाच्या शेवटी ‘ऑपरेटरने अधिक सतर्क राहणे आवश्यक होते’ हे वाक्य मात्र तसेच राहिले. ते कशाच्या आधारावर लिहिले, याला एकाही नोंदीचा क्रमांक दिलेला नाही.

तेव्हापासून मी एक आग्रह धरतो. ट्रिप रिपोर्टच्या पहिल्या पानावर फिल्टरच्या अटी छापाव्यात: खिडकी कुठून कुठपर्यंत, कोणती प्रायॉरिटी, कोणते अलार्म वगळलेले, आणि वगळलेल्या ओळी एकूण किती. चांगला संपादक प्रस्तावनेत आपल्या निवडीमागचे धोरण सांगतो, त्याहून हे काही निराळे नाही. एका बैठकीत यावर बोलणे झाले. अहवाल लांबतो, अशी हरकत निघाली. काही पाळीप्रमुख आता त्या चार ओळी लिहितात. काही जण लिहीत नाहीत, आणि त्यांचे रिपोर्ट वाचायला फार सोपे असतात.