बेटावर न्यायचे सामान

निर्जन बेटावर जाण्याची वेळ आली तर बरोबर काय न्याल, हा प्रश्न सुशिक्षितांच्या गप्पांत कधी ना कधी निघतोच. बीबीसी रेडिओवर तर २९ जानेवारी १९४२ पासून याच एका प्रश्नावर एक कार्यक्रम उभा आहे. पाहुण्याने आठ ध्वनिमुद्रिका निवडायच्या. बायबल आणि शेक्सपिअर आयतेच मिळणार. शिवाय आवडीचा एक ग्रंथ आणि चैनीची एक वस्तू. आमची तक्रार इतकीच की, त्या बिचाऱ्याने हे सारे ऐकायचे-वाचायचे ते बसून की उभ्याने, याची चौकशी कोणी करीत नाही. लाकडी सामानावाचून माणसाचे अडते, हे घर बदलताना कळते. तेवढेच ते बेटावरही कळणार.

आम्हां धर्मगुरूंच्या मालकीचे लाकडी सामान जवळजवळ नसतेच. काही वर्षांनी बदलीचे पत्र येते. झगे आणि पुस्तके पेटीत जातात. टेबल, कपाट, पलंग पुढच्या फादरांसाठी जागच्या जागी राहतात. आजवर आम्ही सहा धर्मग्रामांतील पलंगांवर निजलो आणि प्रत्येकाची करकर निराळी होती. दुसऱ्याच्या वस्तूवर जीव लावण्याची सवय त्यामुळे आम्हांला जडली आहे. तेव्हा बेटासाठी निवड करायला आमच्यासारखा मोकळा माणूस विरळाच.

डॅनिएल डिफोच्या १७१९ सालच्या कादंबरीतील रॉबिन्सन क्रूसो बेटावर स्थिरावू लागताच टेबल आणि खुर्ची करावयास बसतो. त्यावाचून त्याला धड जेवता येईना की लिहिता येईना. एका अख्ख्या झाडातून त्याची एकच फळी निघते, आणि तीही कुऱ्हाडीने दोन्ही बाजूंनी तासून तासून. आमच्या मते त्या कादंबरीतील सर्वांत खरी पाने हीच. ज्याच्या हकिकतीशी या कथेचे नाते जोडले जाते तो स्कॉटिश खलाशी अलेक्झांडर सेलकर्क १७०४ साली चिलीच्या पश्चिमेकडील बेटावर उतरला आणि १७०९ पर्यंत तेथे एकटा राहिला. त्याच्यापाशी अंथरूण, बंदूक, कुऱ्हाड, किटली, बायबल अशा मोजक्या वस्तू होत्या. त्याची म्हणून दाखविली जाणारी खलाशी पेटी आज एडिंबरोच्या संग्रहालयात आहे. पेटी! आमच्या बदलीच्या पेटीकडे आम्ही तेव्हापासून जरा आदराने पाहू लागलो आहोत.

परंतु एकांतवासाची याहून जुनी हकिकत गोव्यातून निघाली आहे, आणि ती आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. फर्नांव लोपिश हा पोर्तुगीज शिपाई फितूर होऊन विजापूरच्या सैन्यात मिळाला. १५१२ साली तो आल्बुकेर्कच्या हाती लागला. जिवाला अभय दिले होते, म्हणून जीव तेवढा राखला. नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापून टाकण्यात आला, असे बखरकार सांगतात. आल्बुकेर्कच्या निधनानंतर, म्हणजे १५१५ नंतर, तो मायदेशी निघाला आणि वाटेत अटलांटिकमधील सेंट हेलेना या निर्मनुष्य बेटावर उतरून राहिला. राहायला खणलेली गुहा, निजायला गवत, सोबतीला एक कोंबडा. जाणारी-येणारी जहाजे थोडे बिस्कीट, थोडे कपडे ठेवून जात. माणूस दिसला की तो लपे. पुढे राजाज्ञेने त्याला पोर्तुगालला नेले. रोमला जाऊन त्याने पोपमहाशयांकडून पापक्षमा मिळविली. काय हवे ते माग, असे म्हटल्यावर त्याने पुन्हा ते बेटच मागितले. तेथेच तो १५४५ च्या सुमारास वारला. क्रूसोची खुर्ची करण्याची हौस वाचताना आम्हांला हा लोपिश आठवतो. एका हाताने, तोही अंगठ्यावाचून, खुर्ची कशी करायची?

असो. आमची निवड. धर्मगुरुनिवासाच्या ओसरीत लांब हातांची वेताची आरामखुर्ची आहे. मन तिच्यावर जाते. पण खाऱ्या हवेत आणि पावसात वेत किती दिवस तग धरणार? फाटका वेत म्हणजे बसणाऱ्याचा अपमान. कपाट नको, बेटावर लपवायचे ते काय? बाज मात्र अवश्य न्यावी. चार पाय, चार दांड्या, सारे खाचेत बसविलेले, गंजायला खिळा नाही. विणलेले सुंभ कुजले तरी नारळ असले की चिंता मिटली : सोडणे पाण्यात महिनोन्महिने कुजवावीत, बडवून काथ्या काढावा, तळहातावर वळावा. आमच्या लहानपणी वाडीतली म्हातारी माणसे गप्पा मारता मारता हे करीत. जिला बेटच दुरुस्त करू शकते, अशी दुसरी वस्तू आम्हांला सुचत नाही. एक पाटही घ्यावा. चुलीपुढे बसायला आसन, रात्री उशाला उशी.

एवढ्यावर यादी संपायला हवी होती. पण आमच्या कचेरीत टेबलाच्या पलीकडे एक साधी खुर्ची आहे. आमची अलीकडची, तिच्याविषयी काही म्हणणे नाही. पलीकडच्या खुर्चीवर लग्न ठरलेली मुले बसली, भाऊबंदकीने पेटलेले भाऊ आळीपाळीने बसले. तरुण मुलगा गमावलेले एक गृहस्थ वर्षभर दर गुरुवारी संध्याकाळी येत. बोलत नसत. उजव्या तळव्याने खुर्चीचा हात घाशीत बसत आणि आंजेलसची घंटा झाली की उठत. आम्हीही बोलत नसू, काय बोलणार? एकदा उठता उठता म्हणाले, "फादर, यंदा मोगरा लवकर धरला." त्यानंतरही ते येतच राहिले, फक्त दारातूनच वाडीची हकिकत सांगत आत येऊ लागले. त्या हातावरचे पॉलिश गेले आहे आणि आम्ही ते पुन्हा करू दिलेले नाही.

बेटावर नेईन तर ती खुर्ची, असे मनाने घेतले आहे. आम्ही पाटावर बसू. अडचण एवढीच की, ती धर्मग्रामाची आहे. सामानाच्या नोंदवहीत तिची नोंद आहे : 'साधी सागवानी खुर्ची, १ नग, उजवा हात झिजलेला.' न्यायची तर पॅरिश कौन्सिलची संमती हवी, आणि खजिनदार विचारणारच, "फादर, तिथे तुमच्यासमोर बसणार कोण?" त्यांना काय सांगावे, ते अजून ठरलेले नाही.