आठवा प्लग

सनबीम टायगरचं बॉनेट उघडलं की सात प्लगांपर्यंत हात कसाबसा पोचतो. आठव्यापर्यंत नाही. तो बदलायचा तर गाडीत शिरायचं, डाव्या बाजूला पाय ठेवायच्या जागी वाकायचं आणि गालिचा दुमडायचा. इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या पत्र्यात तिथे एक रबरी बूच आहे. ते ओढून काढलं की त्या भोकातून लांब एक्स्टेंशन आत जातं आणि डाव्या रांगेतला शेवटचा प्लग सापडतो.

त्या गाडीच्या वेगापेक्षा मला हे बूच मोलाचं वाटतं.

रूट्स कंपनीची सनबीम अल्पाइन चार सिलिंडरची. दिसायला देखणी, पण अंगात दम कमी. कॅलिफोर्नियातले कंपनीचे व्यवस्थापक इअन गॅराड यांच्या मनात आलं की हिच्यात व्ही-८ बसवावं. त्यांचा माणूस साधी लाकडी पट्टी घेऊन गाड्यांच्या शोरूममध्ये इंजिनं मोजत हिंडला. फोर्डचं २६० घन इंचांचं इंजिन मावेल असं दिसलं, आणि रेसिंगच्या गाड्या घडवणाऱ्या कॅरोल शेल्बी यांनी नमुना उभा केला. १९६४ पासून वेस्ट ब्रॉमिचला जेन्सनच्या कारखान्यात टायगर तयार होऊ लागली. मावेल म्हटलं तरी जागा इतकी अपुरी, की रंग देऊन आलेल्या बॉडीचा मधला पत्रा कामगार घण घालून मागे ठोकत. ऑइल फिल्टरसुद्धा मूळ जागेवरून हलवावा लागला. एवढ्या घाईत, एवढ्या रेटारेटीत त्याच पत्र्याला कुणीतरी भोक ठेवलं. पुढे कधीतरी, आपण नसताना, कुणाला तरी हा प्लग काढावा लागेल, हे त्याला आठवलं होतं.

नाशिकला बाबांच्या अ‍ॅम्बॅसिडरचे प्लग मी शाळेत असताना काढायचो. चारही प्लग एकाच बाजूला, ओळीने, डोळ्यांसमोर. पाना लावला की झालं. बाबा ते कागदावर क्रमाने मांडायचे आणि रंग बघायला सांगायचे. फिकट तपकिरी असला तर सिलिंडर खुशाल. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त येतंय. तेलकट काळा म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हकडे बघायला हवं. पांढरा फटक म्हणजे इंजिन तापतंय. डोळ्यांनी बघायची ही विद्या टायगरपाशी निम्मीच कामाला येते. कॉव्हेंट्रीजवळच्या एका स्नेह्यांची टायगर मी सांभाळतो, तिथे उरलेलं सगळं बोटांवर.

इंजिन पूर्ण गार हवं. प्लग सैल करण्याआधी भोवतालची धूळ हवेने उडवायची, नाहीतर खडा थेट सिलिंडरमध्ये. जुना प्लग निघाला की खरी कसोटी नव्याची. तो पान्याने कधीच सुरू करू नये. रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या टोकावर चढवायचा आणि नळी बोटांनी फिरवायची. आधी उलटी. आटा आपल्या जागी उतरतो तेव्हा बोटांना बारीकसा ठोका कळतो, कानांना नाही. मग सुलटी. वाट चुकली असेल तर नळीच घसरते, प्लग पुढे रेटला जात नाही. पान्याला ही दया नसते. वाकडा चढला तर बिडाच्या हेडमधले आटे गेलेच, आणि मग त्या सांदीतून हेड उतरवत बसा.

टायगर फार काळ बनली नाही. क्रायस्लरने रूट्स घेतली आणि स्वतःच्या गाडीत फोर्डचं इंजिन त्यांना नको होतं. पण त्यांचं स्वतःचं व्ही-८ तिथे बसेना: त्याचा डिस्ट्रिब्युटर मागे होता, फोर्डचा पुढे. मागे तर तसूभरही जागा नव्हती. १९६७ मध्ये गाडी बंद झाली, सातेक हजार बनून.

आज त्यातल्या एखाद्या गाडीचं इंजिन मिसिंग करायला लागलं की मालक कार्ब्युरेटर उघडतात, कॉइल बदलतात. मी आधी विचारतो, आठवा प्लग शेवटचा कधी काढला होता? सात नवे आणि आठवा जुनाच, असं पुष्कळदा आढळतं. पाठ दुखायला लागली की माणूस म्हणतो, राहू दे, पुढच्या वेळी बघू. म्हणून सुरुवात मी गालिच्यापासूनच करतो. पाठ ताजी असते, बोटं अजून तेलकट झालेली नसतात, आणि बॉनेट तेव्हा बंदच असतं.