पाय टेकवताना

गाडीवरून एवढा फिरलो, कधी साधं खरचटलं नाही. आणि पाय मोडला तो जळगावात, स्वतःच्या फाटकासमोर, जवळजवळ उभ्या गाडीवर! वळवताना पाय टेकवला, खाली बारीक खडी. पाय सरकला आणि बुलेट अगदी निवांतपणे डाव्या नडगीवर आडवी झाली. दीडशे किलोच्या वरचं धूड. मग ऑपरेशन, हाडात रॉड, वॉकर, काठी... ते सांगत बसत नाही. ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना कशाला?

सहाव्या महिन्यात एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय. नुसत्या डाव्या पायावर उभे राहून दाखवा, मग गाडी." राहिलो.

माझी बुलेट जुनी. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. सगळ्यांना वाटलं मी ब्रेकला घाबरतोय. नाही हो. किक मारताना सगळा भार डाव्या पायावर येतो, तेही जमलं. भीती होती ती थांबण्याची. चालती गाडी स्वतःला सावरते. थांबली की तुमच्या पायावर येते. पहिल्या दिवशी बांभोरीला गिरणेच्या पुलापर्यंत जाऊन आलो. बायकोने विचारलं, "कुठे थांबलात?" कुठेच नाही, हे सांगायला लाज वाटली.

डिसेंबरातल्या एका रविवारी धुळ्याकडे निघालो. "पारोळ्याहून फोन करा, मग पुढचं बघू," अशी परवानगी मिळाली होती. थंडीने नडगीतला रॉड जाणवत होता. एके ठिकाणी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला आणि भूक लागली. एरंडोलपाशी कापसाचा ट्रॅक्टर आडवा आला. थांबावंच लागलं. मी उजवा पाय टेकवायचं घोकून ठेवलं होतं, पण रस्त्याच्या कडेला उतार डावीकडे असतो, गाडी तिकडेच कलते. डावा पाय आपोआप खाली गेला. कळ आली, पण पाय हलला नाही. ट्रॅक्टर निघून गेल्यावरही मी तसाच उभा. मागच्याने हॉर्न मारला तेव्हा भानावर आलो.

पारोळ्यात चहा घेतला. माझं लंगडणं बघून टपरीवाला म्हणाला, "पायले काय व्हयनं भो?"

"गाडी पडली."

"चालती?"

"नाही, उभी."

तो इतका हसला की मलाही हसू आवरेना. पारोळ्याचा किल्ला भुईकोट, म्हणजे माझ्यासारख्यासाठीच बांधलेला. तटाच्या कडेने थोडं चाललो, घरी फोन केला. "बरं, जा," एवढंच उत्तर.

धुळ्यात न रेंगाळता मुंबई-आग्रा रस्त्याला लागलो आणि लळिंगच्या पायथ्याशी गाडी लावली. हा किल्ला पूर्वी कितीदा चढलोय. या वेळी खालीच दगडावर बसून डबा खाल्ला. वर काही पोरं चढत होती, त्यांचा जरा हेवा वाटला. असो.

येऊनजाऊन २०० किलोमीटरच्या आसपास झाले असतील. अंधार पडायच्या आत फाटकाशी आलो तर तिथली खडी झाडून कडेला लोटलेली, खराटा भिंतीला टेकलेला. उतरलो. घोटा टम्म सुजला होता, बूट निघता निघेना. शेवटी बायकोनेच ओढून काढला.