पाण्यावरचं घर मी का सोडलं

पंचेचाळिशीत नोकरी सोडायची आणि पुणे जिल्ह्यातल्या डिंभ्याच्या जलाशयावर तरंगतं घर बांधून राहायचं, असं मी पक्कं ठरवलं होतं. पैसे त्या हिशेबाने बाजूला पडत होते, घराचा आराखडा तयार होता, जवळच्या माणसांना सांगूनही झालं होतं. तो बेत मी आता सोडला आहे. पैसे कमी पडले म्हणून नाही, कुणी अडवलं म्हणूनही नाही. ज्या स्वातंत्र्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्याबद्दलची माझी समजूतच बदलली. ज्यांना मी तेव्हा उत्साहाने आकडे समजावले, त्यांना तरी हे सांगायला हवं.

आकडे साधे होते. विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने 1994 मध्ये तिकडच्या बाजाराचा जुना इतिहास तपासून मांडलं, की पहिल्या वर्षी पुंजीचे चार टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत नेली, तर पुंजी तीस वर्षं टिकते. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट जमलं की माणूस मोकळा. आपल्याकडची महागाई वेगळी आणि मला तीसहून जास्त वर्षं काढायची, म्हणून मी पस्तीस पट धरले. भविष्यनिर्वाह निधी, एसआयपी, थोडं सोनं. खर्च कमी ठेवायचा तर भाडं नको, आणि भाडं नको तर पाण्यावर राहावं, असा तो विचार होता. प्लॅस्टिकच्या पिंपांवर लोखंडी सांगाडा, वर दोन खोल्या, छतावर सौर पॅनेल. उरलेला सगळा वेळ जुन्नरच्या लेण्यांमधले ब्राह्मी लेख वाचायचे, हा माझा फार जुना छंद.

या बेतामागे दिलीप दोंदेंच्या सागरसफरीचा मोठा हात होता. 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून ते एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 19 मे 2010 ला परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. मी त्यातला ‘एकटे’ हा शब्द उचलला होता. ती मोहीम व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींनी मनात धरली, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी नौका बांधली, नौदलाने पाठबळ दिलं, हेही मी वाचलं होतं. पण वाचताना त्या ओळींवर मी रेंगाळले नव्हते.

डिंभे धरण घोड नदीवर आहे. हुतात्मा बाबू गेनूंचं नाव त्याला दिलं आहे, कारण ते आंबेगाव तालुक्यातल्याच महाळुंगे पडवळचे. जुनं आंबेगाव याच पाण्याखाली गेलं, आणि वरच्या खोऱ्यातल्या महादेव कोळी वाड्यांची भाताची खाचरंही. दिवाळीच्या सुमाराला जलाशय काठोकाठ असतो. तेव्हा पाहिलं तर इथे घर बांधावं असंच कुणालाही वाटेल. मीही तेव्हाच पाहिलं होतं. पुढे आवर्तनं सुटू लागतात. डाव्या कालव्याने पाणी येडगावला आणि तिथून पार नगर-सोलापूरकडच्या शेतांपर्यंत जातं, उजव्याने आंबेगाव-शिरूरला. मे महिन्यात काठ इतका आत सरकतो की जिथे होडी बांधलेली असते तिथून पाण्यापर्यंत चालतच जावं लागतं. जागा पाहायला गेले तेव्हा एका मच्छीमार मामांनी मला हेच सांगितलं. “ताई, तुम्ही दिवाळीला जिथं घर बांधाल ना, तिथं उन्हाळ्यात आमची गाळपेर असती.”

पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात घेतलेलं पीक म्हणजे गाळपेर. ज्यांच्या जमिनी बुडाल्या तेच त्या गाळात पेरतात. मला जी मोकळी, कुणाचीच नसलेली जागा वाटली होती, तिच्यावर वर्षाच्या प्रत्येक महिन्यात कुणाचा ना कुणाचा हात होता. पावसाळा सरला की मासेमारी, उन्हाळ्यात पीक, आणि पाण्याची पातळी ठरवायला पाटबंधाऱ्याचे साहेब आणि कालवा समितीची बैठक.

त्या मामांकडे मी पुढे वारंवार जात राहिले. धरण झाल्यावर इथली माणसं टायरच्या ट्यूबवर बसून मासे धरायची. होडी नाही, मोठं जाळं नाही; डोंगरातल्या भातशेतीवाल्यांना एवढं खोल पाणी नवंच होतं. आनंद कपूर आणि कुसुमताई कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने या लोकांबरोबर दीर्घकाळ काम केलं. मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली, होड्या-जाळी आली, रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, जलाशयात सोडली जाऊ लागली. उतारावर बांध घालून खाचरं करण्याची पडकई पुन्हा जोमात आली. 2012 मध्ये ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती एक बाब. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका बाहेरच्या ठेकेदाराकडे असला तर काठावरचा माणूस आपल्याच बुडालेल्या शेतावर मजुरी करतो. ठेका संस्थेच्या नावावर असला तर तो त्या पाण्याचा हक्कदार असतो. काठावरच्या या घरांकडे पस्तीस पट तर सोडाच, वर्षभराची शिल्लकही नसेल. तरी मासळीचा भाव, जाळ्याचा आस म्हणजे भोकांचा आकार, बोटुकली किती सोडायची, या गोष्टींवर ती माणसं बसून वाद घालतात आणि ठरवतात. माझ्या पगाराच्या नोकरीत मी इतकं काही कधी ठरवलेलं नव्हतं, आणि एकटी तरंगत राहिले असते तर तेव्हाही ठरवणार नव्हते.

खरा धक्का मात्र छंदानेच दिला. जुन्नरच्या लेण्यांमध्ये कायमच्या ठेवींचे लेख आहेत. कुणी शेताचं उत्पन्न, कुणी रक्कम श्रेणींकडे, म्हणजे कारागीर-व्यापाऱ्यांच्या संघांकडे, ठेवली: बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी, कासारांची श्रेणी. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने तर सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिलं. नाशिकच्या दहाव्या लेण्यात राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख अधिक तपशिलाचा आहे. तीन हजार कार्षापण नाण्यांची ठेव; दोन हजार कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा एक टक्क्याने, एक हजार दुसरीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल परत द्यायचं नाही, व्याजच वापरायचं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस. त्यातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. हिशेब चोख जुळतो. बेंगेनच्या अठराशेहून जास्त वर्षं आधी कुणीतरी अशाच जातीचा प्रश्न मांडला होता: पुंजीला हात न लावता माणसं कशी जगतील?

हे लेख मी अनेकदा वाचले होते, पण ठेव कुणाकडे ठेवली हे माझ्या नजरेतून निसटत होतं. राजाच्या जावयाने पैसे तिजोरीत ठेवले नाहीत, रोज माग चालवणाऱ्यांच्या हाती दिले. व्याज येत राहणार ते कोष्ट्यांची श्रेणी एकत्र राहिली तर. घरसंसार सोडलेल्या भिक्षूचं चीवरसुद्धा दुसऱ्यांच्या चालू कामावर उभं होतं, आणि हे कुणी लपवलं नाही; दगडात कोरून ठेवलं. मी मात्र माझ्या बेतात कुणाचाही संबंध येऊ नये म्हणून झटत होते. म्युच्युअल फंडातली माझी पुंजीही शेवटी कुठल्या तरी कारखान्यात कामावर जाणाऱ्या माणसांच्याच जिवावर वाढते. त्यांची नावं मला ठाऊक नसतात, इतकंच.

म्हणून आता माझी व्यवस्था वेगळी आहे. नोकरी सोडलेली नाही. कामाचे दिवस कमी करून घेतले, पगार त्या प्रमाणात घटला, आणि पस्तीस पटींची तारीख खूप पुढे गेली. एसआयपी चालू आहे. आईवडिलांच्या आजारपणांचा खर्च मी जवळून पाहिला आहे, त्यामुळे बचतीला मी कमी लेखत नाही. घोडेगावात एक खोली भाड्याने घेतली आहे. बुधवारी पहाटे मामांच्या होडीतून जाळी उचलायला जाते, दुपारी मच्छीमारांच्या एका गटाची हिशेबाची वही लिहिते. रविवार लेण्याद्रीचा किंवा तुळजा लेण्यांचा. होडी माझी नाही. पाण्यावर राहण्याची ओढ मात्र अजून आहे. डिसेंबरात धुकं वर उठायला लागलं की ती फार जोरात येते, आणि मी ती दडपत नाही.

सध्या माझ्या मनात घर करून आहे तो डिंभ्याचं पाणी माणिकडोह धरणाकडे वळवणारा प्रस्तावित बोगदा. पाणी कुणाला किती मिळावं यावर आंबेगाव आणि खालचे तालुके यांच्यात वर्षानुवर्षं वाद आहे. खालच्या कोरडवाहू गावांची तहान खरी आहे. पण बोलताना सगळे शेतीच्या पाण्याबद्दल बोलतात. जलाशय लवकर रिकामा झाला तर बोटुकली वाढायला किती पाणी उरेल, गाळपेर कधी करता येईल, हे विचारणारं त्या चर्चेत फारसं कुणी नसतं. गटातल्या तरुण पोरांना या प्रश्नावर निवेदन द्यायचं आहे. सरकारी कागद वाचणं आणि आकड्यांचा तक्ता मांडणं मला जमतं. पुढच्या बुधवारी जाळी उचलून झाल्यावर आम्ही त्याच कामाला बसणार आहोत.